किशोरांचे जागरण आणि शाळेची घंटा

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढलेल्या निर्णयान्वये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असे राज्यातील सर्व शाळांना बजावण्यात आले. त्याआधी दोनच महिने, डिसेंबर २०२३ मध्ये, तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याबद्दल जाहीर समारंभात चिंता व्यक्त करून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली होती. शासनाची यंत्रणा एरवी ज्या गतीने हलते ती लक्षात घेता दोन महिन्यांत निर्णय हाती पडावा, हे नवलच म्हणावे लागेल. बदललेली जीवनशैली, करमणुकीची वाढलेली साधने, शहरांतून रात्री उशिरापर्यंत चालणारा गोंगाट यांमुळे मुले उशिरा झोपतात आणि सकाळच्या शाळेसाठी त्यांना अर्धवट झोपेतून उठवावे लागते, असा या निर्णयामागचा विचार होता. तो चुकीचा नव्हता. मात्र ज्या वयाच्या मुलांना तो सर्वाधिक लागू पडतो त्या वयाच्या अलीकडेच, म्हणजे चौथीच्या उंबरठ्यावर, निर्णय थांबला.

झोपेची खरी ओढाताण होते ती तेरा ते अठरा या वयात. मोठ्या शहरांतून जागेच्या टंचाईमुळे पुष्कळ शाळा एकाच इमारतीत दोन सत्रांत भरतात. चौथीपर्यंतच्या मुलांना नऊच्या आत बोलवायचे नाही असे एकदा ठरले, की सात ते बाराचे सत्र वरच्या वर्गांच्या वाट्याला येणार हे उघड आहे. त्याला मुख्याध्यापकाचाही इलाज नाही. कनिष्ठ महाविद्यालयांतले सकाळी सातचे तास तर कित्येक वर्षांपासूनचे आहेत. धाकट्यांना मिळालेली झोप थोरल्यांच्या खात्यातून वळती करून घेण्याची ही सोय झाली, आणि हे थोरले पहिल्या तासाला पेंगू लागले की शिक्षक, पालक व समुपदेशक यांचे बोट एकमताने एकाच आरोपीकडे वळते. तो आरोपी म्हणजे मोबाइल.

आरोपी निर्दोष आहे असे कोणीही म्हणणार नाही. अंधाऱ्या खोलीत पांघरुणाखाली चेहऱ्यावर पडलेला निळसर उजेड, आईच्या पावलांची चाहूल लागताच विझणारा आणि ती वळताच पुन्हा उजळणारा, हे दृश्य आता चाळीत, सोसायटीत आणि वाडीवस्तीवरही सारखेच पाहायला मिळते. प्रश्न एवढाच आहे की, पोरांची झोप एकट्या मोबाइलने चोरली, की ती आधीच उघड्यावर पडली होती आणि मोबाइलने ती फक्त उचलली? या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे यावर उपायांची दिशा अवलंबून आहे.

‘व्यसन’ या शब्दाचा प्रवास

‘इंटरनेटचे व्यसन’ हा शब्दप्रयोग आज घरोघरी रुळला असला तरी त्याचा जन्म थट्टेतून झाला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये, मनोविकारांची यादी दिवसेंदिवस फुगवत नेणाऱ्या आपल्याच व्यवसायबंधूंची फिरकी घेण्यासाठी, या नावाचा एक काल्पनिक विकार लक्षणांसह लिहून प्रसृत केला. विनोद अंगाशी आला. कारण आपल्याला हाच विकार आहे असे सांगणारी माणसे पुढे येऊ लागली. त्यानंतर अमेरिकेतीलच किंबर्ली यंग यांनी या विषयाचा गंभीर अभ्यास सुरू केला, प्रश्नावल्या तयार केल्या, आणि थट्टेतला शब्द शास्त्रात दाखल झाला.

शास्त्राने तो अद्याप पुरता स्वीकारलेला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या सूचीत ‘इंटरनेटवरील खेळांचा विकार’ हा, अधिक अभ्यासाची गरज असलेल्या अवस्थांच्या पुरवणीत टाकला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगसूचीत ‘गेमिंग’चा विकार घेतला, पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, आणि हे सारे साधारणपणे बारा महिने टिकून असणे, असे चित्र दिसल्याखेरीज त्या विकाराचे निदान करता येत नाही. निव्वळ इंटरनेट वापरण्याला, व्हिडिओ पाहण्याला किंवा मित्रमैत्रिणींशी रात्री अकरानंतर गप्पा मारण्याला रोगाचा दर्जा या सूचीने दिलेला नाही.

हा कीस काढण्याचे कारण असे की, शब्दाने माणसाची वागणूक ठरते. पंधरा वर्षांच्या मुलाला बापाने एकदा ‘व्यसनी’ म्हटले की त्याच्याशी बोलण्याची भाषाच बदलते. झडती, जप्ती आणि शिक्षा ही क्रमाने येतात. खरोखरीच ज्यांचा तोल गेला आहे अशी मुले आहेत. त्यांच्यासाठी बंगलोरच्या ‘निम्हॅन्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय चालवले आहे, आणि शाळा सोडून, जेवणखाण टाकून खेळाच्या मागे लागलेल्या मुलाला अशाच ठिकाणी नेले पाहिजे. पण रात्री बारा वाजता जागी असणारी बहुसंख्य मुले या वर्गात मोडत नाहीत. ती सकाळी उठतात, शाळेत जातात, परीक्षाही देतात. फक्त वर्षानुवर्षे अपुरी झोप घेऊन देतात. त्यांच्या दुखण्याला व्यसनमुक्तीची परिभाषा लावणे म्हणजे गावातल्या प्रत्येक खोकणाऱ्याला क्षयरोगी ठरवण्यासारखे आहे.

देहातले घड्याळ

झोप कधी यावी हे माणसाच्या इच्छेवर फारच थोडे अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ चालवतो. पेशींच्या पातळीवर हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. संध्याकाळी उजेड ओसरला की या घड्याळाच्या इशाऱ्यावरून मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. पौगंडावस्थेत ही वर्दी उशिरा पोहोचते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कारस्काडन यांनी १९९० च्या दशकात हे दाखवून दिले की, वयात येण्याबरोबर मुलांचे हे घड्याळ मागे सरकते. शिवाय दिवसभर साचत जाणारा झोपेचा दाबही या वयात पूर्वीपेक्षा हळू वाढतो. त्यामुळे दहाव्या वर्षी साडेनऊला गाढ झोपणारा मुलगा पंधराव्या वर्षी त्याच वेळी अंथरुणावर पडून छताकडे पाहत राहतो. त्याने काही केलेले नसते. त्याच्या शरीरात जे व्हायचे तेच झालेले असते.

जर्मनीच्या टिल रोनेबर्ग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो माणसांच्या झोपेच्या वेळा जमवून २००४ मध्ये असे मांडले की, हे उशिरा झोपणे वयाच्या विशीपर्यंत वाढत जाते आणि त्यानंतर उलटे फिरते. हा वळणबिंदू स्त्रियांत साडेएकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास आणि पुरुषांत एकविसाव्याच्या आसपास येतो. पुढे वय वाढेल तशी जाग लवकर येऊ लागते. पहाटे साडेचारला उठून देवघरात बसणारे आजोबा आणि सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत न उठणारा नातू यांच्यातल्या कलहाला संस्कारांचा कलह समजण्यात येते. वस्तुतः आजोबांच्या उठण्यात पुण्याचा वाटा जितका असतो तितकाच वयाचाही असतो. ब्राह्ममुहूर्ताचा महिमा सांगणारे बहुधा प्रौढच होते, ही गोष्ट सहज विसरली जाते. आयुर्वेदाने मात्र आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला शरीराचा उपस्तंभ मानले, आणि तो खांब कापून विद्या मिळवावी असे कोठे सांगितलेले नाही.

अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी आठ ते दहा तासांची झोप आवश्यक ठरवली. आता शहरातल्या सकाळच्या शाळेचा हिशेब करावा. घंटा सातची, बस किंवा रिक्षा सव्वासहाची, म्हणजे उठणे साडेपाच-पावणेसहाला. किमान आठ तास हवे असतील तर पावणेदहाला डोळा लागला पाहिजे. दहावीच्या मुलाचा क्लास सुटतो साडेआठ-नऊला. घरी येऊन जेवण, गृहपाठ, दुसऱ्या दिवसाचे दप्तर. हे सारे उरकून तो पावणेदहाला आडवा झालाच, तरी त्याच्या देहातली रात्र अकरा-साडेअकराला सुरू होते. हाती उरले सहा-साडेसहा तास. रोजची दीड-दोन तासांची ही उधारी सहा दिवसांत एका संपूर्ण रात्रीपेक्षा अधिक होते आणि रविवारी ती फेडण्याचा केविलवाणा प्रयत्न दुपारपर्यंतच्या झोपेने केला जातो. त्यायोगे घड्याळ आणखी मागे सरकते आणि सोमवारची पहाट अधिकच जड होते. या हिशेबात मोबाइलचा अद्याप प्रवेशही झालेला नाही.

उजेडापेक्षा मजकूर

तो प्रवेश करतो तो नेमका या रिकाम्या दीड तासात. पडद्याच्या निळ्या उजेडाने झोप उडते असे सर्वत्र सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे. डोळ्याच्या पडद्यात दृष्टीशी थेट संबंध नसलेल्या, केवळ उजेडाची नोंद घेणाऱ्या पेशी असतात. निळ्या उजेडाने त्या सर्वाधिक उद्दीपित होतात आणि मेलॅटोनिन रोखले जाते. बोस्टनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बारा तरुण माणसांना झोपण्याआधी चार तास, कधी छापील पुस्तक तर कधी प्रकाशमान पडद्यावरचे पुस्तक वाचायला दिले. पडद्यावर वाचणाऱ्यांचे घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले. पण त्यांना झोप लागायला प्रत्यक्षात जास्त वेळ किती लागला? सुमारे दहा मिनिटे. पडद्याचा रंग पिवळसर करून किंवा निळ्या काचेचे चष्मे विकत घेऊन प्रश्न सुटेल अशी आशा बाळगणाऱ्यांनी या दहा मिनिटांवर थोडे थांबावे.

मुलाला जागे ठेवतो तो मुख्यतः उजेडामागचा मजकूर, आणि तो ज्या रीतीने पुढे सरकत राहतो ती रीत. पुस्तकाला प्रकरण असते, वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, पूर्वी दूरदर्शनचे कार्यक्रमही रात्री संपत असत. या प्रत्येक शेवटाशी माणसाला ‘आता पुरे’ म्हणण्याची एक संधी मिळे. एझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने २००६ मध्ये बोट सरकवावे तसे खालून आपोआप नवे पान येत राहील अशी योजना बसवली आणि ती संधीच नाहीशी झाली. पुढे त्यांनी स्वतःच याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ मध्ये आपली खरी स्पर्धा झोपेशी आहे असे बोलून दाखवले होते. त्यात थट्टेचा भाग असेल. परंतु एखाद्या व्यवसायाने आपला प्रतिस्पर्धी इतक्या मोकळेपणाने सांगण्याचा प्रसंग विरळाच. दारूच्या दुकानाला निदान बंद होण्याची वेळ असते.

तरीही कार्यकारणाची दिशा एकच आहे असे मानू नये. कॅनडाच्या ब्रॉक विद्यापीठातील टॅव्हर्निये आणि विलोबी यांनी विद्यार्थ्यांचा तीन वर्षे मागोवा घेऊन २०१४ मध्ये जो निष्कर्ष काढला तो प्रचलित समजुतीला छेद देणारा आहे: ज्यांना आधीपासून नीट झोप लागत नव्हती त्यांचा दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमांवरचा वेळ पुढे वाढला, उलट माध्यमांवरच्या वेळेने झोप बिघडल्याचे मात्र त्यात आढळले नाही. हे विद्यार्थी महाविद्यालयीन वयाचे होते, तेव्हा सर्व किशोरांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण परीक्षेची धास्ती, घरातले भांडण, वर्गातला अपमान यांमुळे ज्याचा डोळा लागत नाही तो मुलगा अंधारात काय करणार? पूर्वी तो कूस बदलत राही. आता उशाशी फोन असतो. त्याच्या हातातला फोन काढून घेतल्याने त्याची धास्ती जात नाही, एवढे तरी जप्तीवाल्या पालकांनी लक्षात ठेवावे.

रात्रीच का?

मोबाइल आणि रात्र यांचे सूत जुळण्यामागे आपल्याकडची काही खास कारणेही आहेत. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वयाच्या जवळजवळ नव्वद टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाच्या कामासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगितले. परंतु घरी फोन असणे आणि तो मुलाचा असणे यांत अंतर आहे. स्वतःचा फोन असणारी मुले थोडी, आणि मुली त्याहून थोड्या. पुष्कळ घरांत फोन असतो तो बापाचा. तो दिवसभर बापाबरोबर शेतावर, कारखान्यात किंवा रिक्षात फिरतो आणि रात्री आठ-नऊला त्याच्याबरोबर घरी येतो. मग आईचे माहेरी बोलणे, धाकट्याची गाणी, बापाचे राजकारणाचे व्हिडिओ हे आटोपून मुलाची पाळी येते ती दहानंतर. ज्या घरात खोली एकच आहे तेथे बाकीचे झोपल्यानंतरचा तासच काय तो स्वतःचा, कोणी न टोकणारा असतो. दिवसभर शाळा, क्लास आणि घरकाम यांनी ज्याच्या आयुष्याचा प्रत्येक तुकडा वाटून घेतला आहे, त्या वयाला असा एक तास हवासा वाटला तर त्यात विकृती ती कोणती?

स्वस्ताईचाही भाग आहेच. एसटीडीचा दर रात्री उशिरा पाव होई तेव्हा बूथपुढे लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना दर आणि जागरण यांचे नाते समजावून सांगायला नको. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि ज्या एका जीबीसाठी पूर्वी दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत ते रोजच्या वापराचे माप होऊन बसले. पाठोपाठ २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळांना कुलपे लागली, आणि ज्या फोनला शाळेच्या दारात मज्जाव होता तोच शाळा होऊन घरात आला. कर्जे काढून, दागिना मोडून फोन घेतले गेले. साथ ओसरली, शाळा उघडल्या. परंतु गृहपाठ आणि सूचना वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची सवय सुटली नाही. रात्री पावणेदहाला उद्याच्या प्रकल्पाची सूचना धाडणारी शाळाच पालकसभेत मुलांपासून फोन दूर ठेवण्याचा उपदेश करते, तेव्हा मुले हसतात; आणि ते हसणे अगदीच अनाठायी नसते.

बंदीचे धडे

कायद्याने मुलांना झोपवण्याचे प्रयोग इतरत्र होऊन गेले आहेत. दक्षिण कोरियाने २०११ च्या नोव्हेंबरपासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळात संगणकावरील ऑनलाइन खेळांची बंदी केली. मुले आईबापांच्या ओळखक्रमांकावर खेळू लागली. मोबाइलवरचे खेळ तर बंदीच्या कक्षेत नव्हतेच, आणि खेळणारे हळूहळू तिकडेच सरकले. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, सरकारने हा कायदा मागे घेण्याचे ठरवले. चीनने २०१९ मध्ये रात्री दहा ते सकाळी आठपर्यंत अल्पवयीनांना खेळबंदी घातली आणि २०२१ मध्ये ती इतकी आवळली की शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास शिल्लक राहिला. तसे राज्य चालवण्याची तयारी आणि हौस लोकशाही देशात असू नये. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या अखेरीस केलेला आणि १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आणलेला कायदा वेगळ्या जातीचा आहे; सोळा वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याची जबाबदारी त्याने मुलांवर किंवा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू व्हावीत अशी तरतूद त्यांत आहे. या मनाईची अंमलबजावणी दातखिळी बसल्यासारखी झाली नाही तर अखंड सरकणाऱ्या पानामागचे अर्थकारण थोडेफार तरी ढिले पडेल.

कायद्याविनाचा एक प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सुरू केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल दीड तास बंद व्हायचे. साडेआठला दुसरा भोंगा. त्याची वार्ता देशभर गेली. त्यातला खरा गाभा असा की भोंगा मोठ्यांसाठीही होता. बाप स्वतः पडदा पाहत असताना मुलाला पुस्तक उघडायला सांगण्याची नामुष्की त्याने टाळली. मात्र हा प्रयोग अभ्यासासाठी आणि घरातल्या संभाषणासाठी होता, झोपेसाठी नव्हता. साडेआठच्या भोंग्यानंतर येणारी रात्र तशीच मोकळी राहते.

घंटेचा प्रश्न

झोपेसाठी ज्या एका उपायाचा परिणाम मोजून दाखवता आला आहे तो मात्र कोणाच्याही हातून काही हिसकावून घेत नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आत भरवू नयेत अशी शिफारस केली. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये आपल्या माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. दोन शाळांतील विद्यार्थ्यांच्या मनगटावर हालचाल नोंदणारी यंत्रे बांधून बदलाआधी आणि बदलानंतर त्यांची झोप मोजण्यात आली. २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत झोप रोज ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. विरोधकांचे भाकीत असे होते की मुले तेवढीच उशिरा झोपतील आणि फोनवर आणखी तासभर घालवतील. तसे घडले नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये यासाठी कायदाच केला आणि जुलै २०२२ पासून वरच्या वर्गांच्या शाळा साडेआठच्या आत भरवण्यास बंदी आली. ग्रामीण भागातील शाळांना तेवढी सूट मिळाली.

आपल्याकडे ही सुधारणा आणताना अडचणी येतील, आणि त्या खोट्या नाहीत. शाळेच्या बसगाड्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, नऊच्या सुमारास रस्ते तुंबतात, नोकरी करणाऱ्या आईबापांना मुलांना सोडून कचेरी गाठायची असते. चौथीपर्यंतच्या वेळा बदलतानाही हेच आक्षेप आले होते. सर्वांत गंभीर आक्षेप मुलींच्या बाबतीतला आहे. दुपारचे सत्र साडेपाच-सहाला सुटते. हिवाळ्यात तोवर अंधारून येते आणि शेवटची एसटी चुकली तर मुलीचे शिक्षणच थांबवण्याचा निर्णय घरात होऊ शकतो. तिची झोप वाचवण्याच्या नादात तिची शाळा जाता कामा नये. पण हा आक्षेप बारा ते सहा या सत्राला लागू होतो, साडेआठ ते अडीच या वेळेला होत नाही. शिवाय राज्याच्या ग्रामीण भागातील कित्येक माध्यमिक शाळा परंपरेने साडेदहा-अकरालाच भरत आल्या आहेत, फक्त शनिवार सकाळचा असतो. उशिराची शाळा ही परदेशातून आणायची नवलाई आहे असे समजण्याचे कारण नाही. दोन्ही प्रकारच्या शाळा शासनाच्याच नोंदवहीत आहेत. एकाच जिल्ह्यातल्या सातच्या आणि अकराच्या शाळांतील आठवी ते दहावीच्या मुलांची झोप, हजेरी आणि गुण शेजारी शेजारी मांडून पाहायला फार मोठा खर्च येणार नाही.

ज्या शाळांना एकाच इमारतीत दोन सत्रे चालवण्यावाचून गत्यंतर नाही तेथे निवड अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. लहान मुलांनाही झोप हवी, त्यांना तर नऊ ते बारा तास हवी. परंतु सात वर्षांचे मूल रात्री साडेआठला झोपवता येते. त्याचे शरीर त्याला साथ देते. पंधरा वर्षांच्या मुलाचे शरीर ती देत नाही. पहाटेचे सत्र कोणाला तरी द्यायचेच असेल, तर ते ज्याला लवकर झोपता येते त्याला द्यावे, की ज्याला येत नाही त्याला? २०२४ च्या निर्णयाने हा प्रश्न विचारण्यापूर्वीच सोडवून टाकला, आणि शिकवणी वर्गांच्या पहाटेच्या व रात्रीच्या तुकड्यांना तर त्याने स्पर्शही केला नाही. वेळेवर नियंत्रण आणायचे तर शाळेची घंटा आणि क्लासची घंटा एकत्रच पाहावी लागेल; अन्यथा शाळेने सोडलेला सातचा तास दुसऱ्या दिवसापासून क्लासच्या फलकावर लागेल.

राज्याचे परीक्षा मंडळ मात्र या बाबतीत निराळ्या पंथाचे दिसते. दहावी आणि बारावीचे पहिल्या सत्रातले पेपर ते सकाळी अकराला सुरू करत आले आहे. वर्षभर सातला बोलावलेला विद्यार्थीही त्या दिवशी अकरा वाजताच बाकावर बसतो.